सातवा माणूस

"काका, खंय वतात?" असं जिन्यात कुणी विचारलं की गेली बावीस वर्षं माझं एकच उत्तर ठरलेलं असतं, "मीटिंग आसा." कसली मीटिंग ते सांगत नाही. अगदी सुरुवातीला एकदा खरं सांगून बघितलं होतं, "लॉजवर जातोय" म्हणून, तर समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींचा चेहरा असा काही झाला की मला माझी चूक दोन पायऱ्या उतरल्यावर कळली. आपल्याकडे लॉज म्हणजे बोर्डिंग अँड लॉजिंग, बसस्टँडसमोरचं, तासावर खोली मिळणारं. काळा सूट घालून, हातात छोटी बॅग घेऊन, शनिवारी संध्याकाळी, वर बायकोला "येतो गं" असं मोठ्याने सांगून लॉजवर निघालेला बँकेतला माणूस. तेव्हापासून मीटिंग.

तर या जूनमधली गोष्ट. पाऊस नुसता ओतत होता, मी खाली पार्किंगमध्ये छत्री आणि बॅग आणि गाडीची चावी असं सगळं एकदम सांभाळत होतो, आणि त्याच वहिनींचा मुलगा बाइक पुसत उभा होता. सव्वीस-सत्तावीसचा असेल, कुंडईला फार्मा कंपनीत आहे, तीन शिफ्ट. त्याने बॅगेवरच्या त्या कंपास-गुण्याच्या चिन्हाकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही फ्रीमेसन ना?" मी म्हटलं हो. फ्रीमेसन म्हणजे एकमेकांना ब्रदर म्हणणाऱ्या पुरुषांच्या एका जुन्या मंडळीतला सभासद, आणि त्या मंडळीची शाखा म्हणजे लॉज. मग जरा थांबून, फडकं हातात तसंच धरून म्हणाला, "त्यात जायचं कसं असतं? म्हणजे, कोणाला विचारायचं?"

मी म्हटलं, "पळोवया." आणि गाडीत बसलो.

पळोवया हा शब्द गोव्यात राहणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. पंचायतीतला क्लार्क म्हणतो, मुलीचं स्थळ नाकारायचं असलेला मामा म्हणतो, उधारी मागितली की दुकानदार म्हणतो. शब्दाचा अर्थ 'बघूया', पण ऐकणारा तो 'नाही' असाच ऐकतो आणि बोलणाऱ्यालाही तसंच हवं असतं. फोंड्यातून निघून बाणस्तारीच्या पुलापर्यंत मी स्वतःशी म्हणत होतो की मी नाही कुठे म्हटलंय, बघूया म्हटलंय. पुलावर ट्रॅफिक अडकला आणि वायपरच्या खटखटीत मला दिसायला लागलं ते त्याच्या हातातलं फडकं. विचारण्याआधी तो थांबला होता. माणूस असा थांबतो तेव्हा तो प्रश्न बऱ्याच दिवसांपासून मनात असतो.

आमच्यात एक रीत आहे, बाहेरच्यांनाही ती आता इंटरनेटमुळे माहीत झालीय, की आपणहून कुणाला बोलवायचं नाही. ज्याला यायचंय त्याने स्वतः विचारलं पाहिजे. मी बावीस वर्षांत एकाही माणसाला "ये" म्हटलेलं नाही, आणि याचा मला अभिमान होता. काही लोकांना आपण आयुष्यात कधी उधार घेतलं नाही याचा असतो ना, तसा. आणि आता कुणी तरी स्वतः विचारलं, रीतीप्रमाणे अगदी, तर मी पळोवया म्हणून काच वर केली.

हॉलवर पोचलो, बॅग उघडली आणि एप्रनवर बुरशी. पांढऱ्या कोकराच्या चामड्याचा एप्रन असतो आमचा, जुन्या दगडकाम करणाऱ्या गवंड्यांच्या एप्रनची आठवण म्हणून, आणि पांढरं चामडं आणि गोव्यातला जून यांचं काही जमत नाही. मे महिन्यात मीटिंगला गेलो नव्हतो, भाचीच्या मुलाची मुंज होती, त्यामुळे दोन महिने बॅग कपाटात तशीच. हिरवट-करडे ठिपके, रुपयाच्या नाण्याएवढे, आणि तो वास. जुन्या बंद घराचा असतो तो. मी रुमालाने पुसत बसलो तर ठिपके पसरले. शेजारी आमचे सेक्रेटरी, सत्तरीच्या पुढचे, त्यांनी आपल्या एप्रनचा कोपरा उलटून दाखवला, तिथेही तेच. "व्हिनेगर," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी सहाजण होतो.

रजिस्टरवर एकतीस नावं आहेत. त्यातले चार परदेशात, दोघं अंथरुणाला खिळलेले, काहींचं मुलाकडे पुण्याला की बंगळुरूला असं अर्ध वर्ष जातं, आणि काही नुसतीच नावं आहेत, वर्गणीही तीन तीन वर्षांची बाकी. जुनी म्हण आहे आमच्यात, तिघांनी लॉज चालते, पाचांनी भरते आणि सातांनी परिपूर्ण होते. आम्ही सहा. आत पाचजण आणि दाराबाहेर टायलर. टायलर म्हणजे राखणदार, त्याच्या हातात नंगी तलवार असते, ऐकायला नाटकातलं वाटेल पण असते, आणि त्याचं काम एकच, नको तो माणूस आत येऊ नये. आमचे टायलर ट्रेझरी डिपार्टमेंटमधून रिटायर झालेले, गुडघे दुखतात म्हणून बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात, तलवार मांडीवर आडवी. तर वर्शिपफुल मास्टरनी, म्हणजे लॉजच्या अध्यक्षांनी, घड्याळात बघितलं, कुणाला तरी फोन लावला, लागला नाही, सातवा येतोय की नाही कळेना, पाऊण तास गेला. शेवटी आम्ही ज्युनियर वॉर्डन या पदाधिकाऱ्याच्या रिकाम्या खुर्चीत टायलरना बसवलं. त्यांनी तलवार भिंतीला टेकवून ठेवली आणि आत आले. दाराबाहेर कुणीच नाही. रिकाम्या पॅसेजमध्ये ती प्लास्टिकची खुर्ची, बाहेर पाऊस, आणि आत आम्ही गंभीर चेहऱ्याने दार नीट बंद असल्याची खात्री करून घेतोय.

मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. मग नाही आलं.

आमच्या फरशीचंही सांगतो. लॉजमध्ये काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी लागते. मुंबईला फोर्टातल्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथली बघून छाती दडपली होती. आमच्याकडे ती व्हिनाइलची चादर आहे, मीटिंगच्या आधी गुंडाळी सोडायची, नंतर परत गुंडाळायची. एका टोकाला ती कायम वर उचललेली राहते, तिथे पाय अडकतो, सगळ्यांना माहीत आहे म्हणून सगळे तिथे पाऊल जरा उंच टाकतात, नवीन माणूस बघेल तर त्याला वाटेल हाही विधीतलाच भाग असावा. मधल्या टेबलावर गीता, कुराण, बायबल, झेंद अवेस्ता, गुरु ग्रंथसाहिब शेजारी शेजारी. आत राजकारण नाही, धर्मावर वाद नाही. गोव्यात निवडणुकीच्या महिन्यात दोन तास राजकारण न बोलता बसलेली माणसं बघायची असतील तर ती तिथेच. आणखी काय काय होतं ते मी सांगणार नाही, शब्द दिलेला आहे, पण एवढं सांगतो की यूट्यूबवर जे बघता त्याच्या मानाने ते फारच साधं आणि थोडं कंटाळवाणं असतं, आणि त्या कंटाळ्यात मला का कोण जाणे बरं वाटतं.

मीटिंगनंतर जेवण. त्याला फेस्टिव्ह बोर्ड म्हणतात, आमच्या फेस्टिव्ह बोर्डावर शीत, बांगड्यांचं हुमण, शाकाहाऱ्यांसाठी मुगागाठी आणि सरलेल्या उन्हाळ्यातल्या उर्राकाची, म्हणजे काजूच्या दारूची, कुणीतरी जपून ठेवलेली बाटली. केटररने बाराजणांचं आणलं होतं. सहाजणांसमोर बाराजणांचं जेवण मांडलेलं, आणि मास्टर बोलायला उठले. चांगला माणूस आहे, वयाने माझ्यापेक्षा लहान, बिल्डिंग मटेरियलचा धंदा. म्हणाले, ब्रदर्स, असं चाललं तर पाच वर्षांत आपण चार्टर, म्हणजे लॉजचा परवाना, परत करणार. प्रत्येकाने वर्षात एक माणूस. फक्त एक. जे येत नाहीत त्यांना फोन. वर्गणी वेळेवर. ओपन डे ठेवू, लोकांना हॉल दाखवू, इन्स्टावर पेज काढू. यावर सेक्रेटरींच्या हातातला चमचा ताटात आपटला, मुद्दाम की चुकून ते कळलं नाही. "आम्ही काय जिम आहोत? मेंबरशिप ड्राइव्ह?" मग अर्धा तास तेच. एक म्हणाला संख्या महत्त्वाची नाही, दर्जा. दुसरा म्हणाला तीनशे वर्षं चाललंय, पुढेही चालेल. आमच्यात वाद सुरू झाला की दोन गोष्टी ठरलेल्या असतात, कुणीतरी १७१७ काढतो, लंडनमध्ये चार लॉज एका दारूच्या गुत्त्यावर जमून पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजची वरची संस्था, झाली ते साल, आणि कुणीतरी विवेकानंद आणि मोतीलाल नेहरू आपल्यातलेच होते असं सांगतो. त्या दिवशीही सांगितलं. पण विवेकानंद कलकत्त्यात १८८४ साली दीक्षित झाले होते या एका गोष्टीवर आमच्या खुर्च्या किती दिवस भरलेल्या दिसणार?

मी काहीच बोललो नाही. हुमणातलं तिरफळ बाजूला काढत बसलो. माझ्या खिशात एक 'वर्षातला एक माणूस' होता आणि मी त्याला संध्याकाळी पार्किंगमध्ये ठेवून आलो होतो.

परत येताना रात्री साडेदहाला ओल्ड गोव्यावरून गाडी चालवायची म्हणजे दोन्ही बाजूंना ती मोठी चर्चेस अंधारात आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. से कॅथीड्रलच्या चौकात कुठेतरी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोही ठरवून छळणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता, लोक त्याला व्हडलें घर म्हणायचे, नाव घ्यायलाही भ्यायचे म्हणून नुसतं व्हडलें घर. आता त्याचा दगडही नाही. १५६० ते १८१२, मधली दोनचार वर्षं सोडली तर. तिथून जाताना मला नेहमी वाटतं की आमच्यात ही दारं बंद करायची सवय उगीच आलेली नाही. पोपने १७३८ साली फ्रीमेसनरीवर बंदी घातली, पाचच वर्षांनी लिस्बनमध्ये जॉन कूस्तोस नावाच्या जवाहिऱ्याला इन्क्विझिशनने धरलं आणि आत काय चालतं ते बोल म्हणून त्याचे हाल केले. पुढे १९१०ला पोर्तुगालात राजेशाही जाऊन रिपब्लिक आलं. गोव्यातल्या हिंदूंना सरकारी नोकऱ्या, शाळा, संस्था काढायची मोकळीक असं जे काही मिळालं ते त्यानंतर, हे आपल्याकडच्या प्रत्येक आजोबांना पाठ असायचं. त्या रिपब्लिकवाल्यांत फ्रीमेसन किती होते हे मात्र कुणी सांगायचं नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले बेर्नार्दिनु माशादु तर तिथल्या ग्रँड मास्टरच्या खुर्चीत बसलेले होते. मग हुकूमशहा सालाझार. १९३५ साली त्याने कायदाच केला, गुप्त मंडळ्यांवर बंदी, सरकारी नोकराने आपण असल्या मंडळीत नाही असं लिहून द्यायचं. म्हणजे मुंबईला १८४३ पासून हिंदी माणसांना घेणारी रायझिंग स्टार लॉज चालू होती, आणि आमच्याकडे त्याचं नाव काढणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण.

आणि एक योगायोग मला फार आवडतो. भारताची स्वतःची ग्रँड लॉज झाली ती २४ नोव्हेंबर १९६१ला, दिल्लीत, रामपूरचे नवाब पहिले ग्रँड मास्टर. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबरला. पंचवीस दिवसांचं अंतर. मी लॉजमध्ये नवा होतो तेव्हा हे गणित करून सगळ्यांना सांगत सुटायचो.

पण गोष्ट अशी की तेव्हा दार बंद ठेवावं लागत होतं, आता कोण येतंय आमच्यावर धाड घालायला? गूगलवर पत्ता आहे, रिव्ह्यूसुद्धा आहेत, एकाने 'पार्किंग नाही' म्हणून दोन स्टार दिलेत. पूर्वी हिंदुस्थानात ठिकठिकाणी लॉजच्या इमारतीला लोक जादूघर म्हणायचे, भूत बंगला म्हणायचे. आता भीती नाही आणि कुतूहलही नाही. आमच्या हॉलच्या खाली झेरॉक्सवाला आहे, त्याला वाटतं वर योगा क्लास चालतो. अडचण एकाच बाजूने राहिली आहे, ती कॅथलिक मित्रांची. व्हॅटिकनने १९८३लाही परत सांगितलंय की आपल्या माणसाला फ्रीमेसन होता येणार नाही, आणि गोव्यात जनगणनेप्रमाणे दर चारातला एक माणूस ख्रिश्चन. माझा कॉलेजपासूनचा जिवलग मित्र मडगावचा, त्याच्यासारखा माणूस लॉजमध्ये शोभला असता, तो म्हणतो, "तू प्रार्थना कर माझ्यासाठी तिथे, मी करतो तुझ्यासाठी हांगा." त्याला मी कधी विचारलं नाही आणि विचारणारही नाही, ते बरोबरच आहे. पण बाकीच्यांचं काय? त्या सगळ्यांनाही मी त्याच खात्यात टाकून मोकळा झालो होतो.

घरी आल्यावर बायकोने एप्रन व्हिनेगरच्या पाण्याने पुसून पंख्याखाली टाकला आणि विचारलं, "किती आले होते?" मी म्हटलं सहा. ती हसली नाही. म्हणाली, "वास्कोच्या वहिनींना फोन केलात?"

आता हे सांगायला पाहिजे. २००९ साली माझी बायपास झाली. तेव्हा मी लॉजमध्ये तसा नवीन होतो, पाच-सहा वर्षं झालेली. वास्कोचा एक ब्रदर होता, बोटीवर चीफ इंजिनियर म्हणून आयुष्य काढलेला, आवाज असा की इंजिनरूममधून डेकवर ऐकू जावा. आमची मैत्री अशी खास नव्हती. जेवताना समोर बसायचो एवढंच. मी हॉस्पिटलमधून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला बेल. हा दारात, हातात स्टीलचा जुना थर्मास, लाल झाकणाचा. आत उकड्या तांदळाची पेज, आणि कागदात गुंडाळलेलं एक तोर, म्हणजे मिठातली कैरी. वास्कोहून फोंड्याला, सकाळी सातला. "हांव आयलों हे वाटेन," असं म्हणाला. वास्कोहून फोंडा कुणाच्याही वाटेवर नाही. अकरा दिवस तो असा वाटेवरून आला. बसायचा नाही, पेज कपात ओतायची, मी पिईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत उभा राहायचा, थर्मास विसळायला देऊन परत घेऊन जायचा. मी एकदा म्हटलं कशाला इतका त्रास, तर म्हणाला, "आम्ही एकमेकांना ब्रदर म्हणतो ना? मग?" त्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीठ मात्र रोज जास्त असायचं, डॉक्टरने बंद केलेलं, आणि मी निमूट पीत होतो.

तो २०१९ला गेला. स्मशानात आम्ही अकराजण होतो, प्रत्येकाने एक हिरवी डहाळी ठेवली त्याच्यावर, आमची रीत आहे तशी. त्यानंतर मला आमनर केलं. आमनर म्हणजे ज्याने आजारी ब्रदर, गेलेल्यांची कुटुंबं यांची खबर ठेवायची, काही लागलं तर लॉजच्या फंडातून बघायचं. दर महिन्याला एक फोन, एवढंच काम. पहिलं वर्षभर मी केला त्याच्या बायकोला, वास्कोच्या वहिनींना, फोन. मग दोन महिन्यांनी. मग दिवाळीला. त्या रात्री बायकोने विचारलं तेव्हा शेवटचा फोन चार महिन्यांपूर्वीचा होता, आणि तोही त्यांनीच केलेला, गॅसच्या सबसिडीचं काहीतरी विचारायला. बायको लॉजमध्ये येऊ शकत नाही, बायकांना घेत नाहीत आमच्यात, यावर आमचं घरात एकदा चांगलंच वाजलंय आणि माझी बाजू लंगडी आहे हे मला माहीत आहे. पण ती या सगळ्या वर्षांत वहिनींकडे जात होती. श्रावणात, चवथीला, असंच एखाद्या मंगळवारी. मला न सांगता. आमनर खरी तीच होती, पदक माझ्या गळ्यात.

सकाळी फोन लावला. वहिनी म्हणाल्या, "अरे, जिवंत आसा मरे तूं!" आणि हसल्या. मग इकडचं तिकडचं, मग सप्ताहाचं निघालं. वास्कोचा दामोदराचा सप्ताह, नागपंचमीनंतर येतो तो. शंभरावर वर्षं झाली, गावात साथ आली होती तेव्हा सुरू झाला असं सांगतात. नारळ ठेवला की चोवीस तास भजन, थांबायचं नाही, वेगवेगळ्या समाजांचे, धंदेवाल्यांचे पार, म्हणजे भजनी ताफे, एकामागून एक येत राहतात. आमचा इंजिनियर मला एकदा घेऊन गेला होता, पहाटे तीनला. तीनची वेळ वाईट, संध्याकाळी मोठे गवई येतात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, जत्रेच्या फेरीतून चालता येत नाही, पण तीनला देवळात पंधरा-वीस टाळकी, त्यातली निम्मी पेंगणारी. त्या वेळी तिथला एक म्हातारा उठून बाहेर गेला आणि जवळच्या घरातून एका पोराला अक्षरशः हाताला धरून घेऊन आला, पोराचे डोळे अर्धे मिटलेले, त्याच्या हातात झांज दिली. आमचा इंजिनियर माझ्या कानात म्हणाला, "खंड पडूंक फावना." मी तेव्हा विचारलं होतं, असं ओढून आणलेलं भजन भजन होतं का? तो म्हणाला, "त्याला विचार." आणि तो पोरगा पाच मिनिटांनी डोळे मिटून गात होता, झोपेने की तल्लीनतेने ते दामोदरालाच माहीत.

माझ्या आजीच्या माहेरी, पणजीला, चुलीशेजारी एक लहान मडकं असायचं. शीत चढवण्याआधी मूठभर तांदूळ त्यात. आठवड्याने कुणीतरी येऊन ते घेऊन जायचं, ते विकून मराठी शाळा चालायची. मुष्टिफंड. नावातच मूठ. त्या मुठींतून उभी राहिलेली संस्था पणजीत अजून आहे, आणि ज्या बायकांनी तांदूळ टाकले त्यातल्या बहुतेक त्या शाळेत कधी पाऊल टाकायलाही गेल्या नसतील. आजी सांगायची की एखाद्या दिवशी घरातच तांदूळ कमी असले तरी मडक्यात चार दाणे टाकायचे, हात रिकामा फिरवायचा नाही. मला हे आठवलं आणि आमच्या रजिस्टरमधली तीन वर्षांची बाकी आठवली, त्यात एक वर्ष माझंही होतं, उगीच सभ्यपणा कशाला.

मग मी एक गोष्ट केली जी बावीस वर्षांत केली नव्हती, ती रीत नेमकी काय आहे ते शोधलं. उमेदवाराला आत घेताना विचारतात, तू स्वतःच्या इच्छेने आलास का, मित्रांच्या अनुचित आग्रहाला बळी पडून तर नाही ना आलास. शब्द आहे अनुचित आग्रह. आम्ही कधीतरी त्यातला अनुचित गाळून टाकला आणि नुसता आग्रह ठेवला, मग आग्रहही गेला आणि राहिली नुसती चुप्पी. १९८१ साली लंडनच्या ग्रँड लॉजनेच सांगून टाकलं होतं की योग्य वाटणाऱ्या माणसाशी साध्या शब्दांत विषय काढायला काही हरकत नाही, विचार करायला वेळ द्या, मागे लागू नका. मी ते सेक्रेटरींना व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यांचं उत्तर तीन तासांनी आलं: 'ठीक आहे. पण इन्स्टा नको.'

खरं सांगायचं तर मला अजूनही पूर्ण पटलेलं नाही. तीस-चाळीस माणसं भरली, सगळे सेल्फी काढायला लागले, नेटवर्किंग म्हणून कार्डं वाटायला लागले तर तो कंटाळा, तो माझा लाडका शांत कंटाळा, त्याचं काय होणार. आणि त्या पोराला तरी काय मिळणार आमच्यात? वयाने सगळे त्याच्या बापापेक्षा मोठे, गुडघे, बीपी, जुन्या बँकांच्या गोष्टी, वर उचललेली व्हिनाइलची चादर. शिफ्टमधून शनिवार काढून तो कशाला येईल? पण हे मी ठरवणारा कोण, हाही एक प्रश्न आहेच. त्याने तर विचारलं होतं.

रविवारी सकाळी दहाला मी समोरची बेल दाबली. बावीस वर्षांत त्या दारासमोर मी किती वेळा उभा राहिलो असेन, चवथीची नेवरी द्यायला, पाण्याच्या टँकरचं विचारायला, पण त्या दिवशी उगीचच शर्टाची वरची गुंडी लावली. आत टीव्ही चालू होता, कुकरची शिटी झाली, चपला सरकवत कुणीतरी आलं. मॅजिक आयमध्ये अंधार झाला म्हणजे आतून कुणीतरी बघत होतं, बराच वेळ बघत होतं.

वहिनी. "तो जिमाक गेला मरे, येतलो आतां. कितें काम आशिल्लें?"

मी म्हटलं, "लॉजविषयी बोलायचं होतं त्याच्याशी."

त्यांचा चेहरा बावीस वर्षांपूर्वी जिन्यात झाला होता अगदी तसाच झाला. मग त्यांनी दार पूर्ण उघडलं, मला सोफ्यावर बसवलं, आत जाऊन गॅस बंद केला, टीव्ही बंद केला, पदराला हात पुसत समोरच्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आतां म्हाका सांगात. कसलें लॉज तें?"

मी १७१७ पासून सुरू करणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण त्या अशा बघत होत्या की ते गिळलं आणि म्हटलं, "वहिनी, आमचा वास्कोचा एक मित्र होता. त्याच्याकडे लाल झाकणाचा एक थर्मास होता."